वजनकाटा, पानांची पोती आणि उसवलेला स्वेटर: घरातल्या कचऱ्याचं आमचं एक वर्ष

आमच्या घरात पाच माणसं. मी, नवरा, सासूबाई, थोरली मुलगी (सुरुवात केली तेव्हा नऊ वर्षांची) आणि धाकटा (पाच वर्षांचा). पुण्यात तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट, पूर्वेला एक अरुंद बाल्कनी. घरातला ओला कचरा घरातच जिरवायचा हे मनात तीन वर्षं होतं, पण वास, अळ्या, शेजारी आणि मुख्य म्हणजे वेळ, या चार गोष्टींची भीती वाटायची. जून 2023 मध्ये सुरुवात केली आणि गेल्या आठवड्यात वर्ष पूर्ण झालं. मधल्या काळात कित्येकदा वाटलं, कुणीतरी साधं, तारखांसकट लिहून ठेवायला हवं होतं. म्हणून हे लिहिते आहे.

रविवार 4 जून 2023. जवळच्या दुकानातून 240 रुपयांचा हातात धरायचा लोंबता वजनकाटा आणला. खताचा डबा आधी आणायचा की काटा, यावर नवऱ्याशी बोलणं झालं होतं. त्याचं म्हणणं, "किती कचरा होतो तेच माहीत नाही, मग डबा केवढा आणणार?" हे अगदी बरोबर निघालं. पहिले दोन आठवडे आम्ही काहीही बदललं नाही, फक्त वजन केलं. थोरलीने एक जुनी अर्धी कोरी वही घेतली, तिच्यावर "कचऱ्याची वही" असं लिहिलं आणि रोज रात्री जेवणं झाल्यावर आकडे मांडायला लागली.

पहिल्या आठवड्याचे आकडे असे होते: ओला 8.4 किलो, कोरडा 2.7 किलो, आणि कशातच न बसणारा, म्हणजे डायपर-पॅड-बँडेज-केर मिळून 0.9 किलो. दुसऱ्या आठवड्यात मी ओल्यातही दोन भांडी केली. एकात सालं-देठं-चहाचा चोथा, दुसऱ्यात शिजवलेलं अन्न. शिजवलेलं अन्न आठवड्याला 2.6 किलो भरलं. डब्यातून परत आलेली पोळी-भाजी, पातेल्याच्या तळाचा भात, फ्रीजमध्ये मागे सरकून आंबलेली आमटी. वही बघून त्या रात्री मला झोप लागली नाही. मला वाटायचं की आपण अन्न टाकत नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी तांदूळ काढताना त्यांनी वाटी हातात घेतली आणि मोजून घातले. त्याआधी आमच्याकडे तांदूळ अंदाजाने, मुठीने पडायचे.

तुम्ही सुरुवात करणार असाल तर माझं पहिलं सांगणं हेच. डबा आणायच्या आधी दोन आठवडे वजन करा, आणि शिजवलेलं वेगळं मोजा. पुढे आम्ही जे काही केलं, त्यातला निम्मा फरक वाटीने तांदूळ मोजण्यातून आणि रात्री "उद्या डब्याला काय, किती?" हे मुलांना विचारून ठेवण्यातून पडला. धाकट्याच्या डब्यात दोन पोळ्या जायच्या आणि दीड परत यायची. त्याला विचारलं तेव्हा कळलं, मधली सुट्टी पंधरा मिनिटांची, त्यात हात धुवायची रांग. त्याला खायला वेळच नव्हता. मग एका पोळीचे लहान रोल द्यायला लागले, ते संपायला लागले. शाळा 15 जूनला सुरू झाली, महिन्याच्या शेवटी परत येणाऱ्या डब्याचं वजन वहीत जवळपास शून्य होतं.

खताचं काम 18 जूनला सुरू केलं. रंगाऱ्याकडून रिकाम्या, स्वच्छ धुतलेल्या 20 लिटरच्या तीन बादल्या 60 रुपयांना एक अशा घेतल्या (पुढे आणखी तीन लागल्या). इलेक्ट्रिशियनकडून बाजूंना आणि तळाला ड्रिलने भोकं पाडून घेतली, त्याचे 100 रुपये. नर्सरीतून पाच किलोचा कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुश्याचा) ब्लॉक 180 रुपयांना, दोन किलो तयार खत 60 रुपयांना, विरजणासारखं वापरायला. काट्यासकट सगळा खर्च 940 रुपये झाला. ब्लॉक भिजवला की फुगून भरपूर होतो, एवढा मोठा आणायची घाई करू नका, छोटाही पुरतो.

पद्धत सगळीकडे लिहिलेली असते, म्हणून थोडक्यात. तळाला विटेचे तुकडे, त्यावर वाळकी पानं, मग दिवसाचा ओला कचरा बारीक चिरून, वर मूठभर जुनं खत, आठवड्यातून एकदा आंबट ताकाचा हबका, आणि शेवटी पुन्हा वाळकी पानं. ओला दिसता कामा नये, इतकी. दोन दिवसांनी एकदा खालीवर करायचं, कारण आतल्या जिवाणूंना हवा लागते. हवा मिळाली नाही की दुसऱ्याच प्रकारचे जिवाणू वाढतात आणि कुजका वास येतो. ओलावा बघायची खूण अशी: मूठभर उचलून घट्ट दाबायचं, बोटांतून एखाद-दोन थेंब आले तर ठीक. धार लागली तर पानं घालायची, कोरडं भुरभुरलं तर पाणी शिंपडायचं.

पण ओल्याइतकीच वाळकी पानं लागतात, आणि मी सुरुवात केली जूनमध्ये. पुण्यात पानं गळतात फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेव्हा रस्त्याच्या कडेला ढीग असतात, काही जण ते पेटवूनही देतात. जूनमध्ये मला शोधून शोधून दीड पोतं पानं मिळाली, तीही अर्धी दमट. त्या वर्षी पाऊस उशिरा आला, पुण्यात जूनच्या शेवटच्या आठवड्यात, आणि आला तेव्हा बाल्कनीत आडवा आला. पहिली बादली 30 जूनला भरली. दुसरीत आंब्याच्या साली, बाठी, पावसाचं पाणी आणि संपत आलेली पानं. 5 जुलैला बाल्कनीचं दार उघडलं आणि वासाने मी मागे सरकले. तळातून काळं पाणी येत होतं आणि वरच्या थरात चपट्या, मातकट रंगाच्या अळ्या वळवळत होत्या. खूप अळ्या. धाकटा रडायला लागला. मी दार लावून घेतलं आणि खरं सांगते, तिथेच खाली बसून मीही रडले.

7 जुलैला सोसायटीच्या सचिवांचा फोन आला. वरच्या मजल्यावरून वासाची तक्रार होती. तक्रार रास्त होती, मी माफी मागितली आणि आठ दिवस मागून घेतले.

त्या आठ दिवसांत शिकले ते असं. अळ्या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या होत्या. त्या चावत नाहीत, घरभर पसरत नाहीत आणि कचरा भराभर खातात. त्या येणं हे फार ओलं आणि फार उघडं राहिल्याचं लक्षण आहे. मारायला काहीही औषध घालू नका, खताचा जीवच जातो. मी दुसरी बादली जुन्या ताडपत्रीवर रिकामी केली, हातमोजे घालून गोळे फोडले, आणि पानांऐवजी सुताराकडचा लाकडाचा भुसा मिसळला. भुसा घेताना विचारून घ्या. सागवान, आंबा, बाभूळ अशा साध्या लाकडाचा चालतो, प्लायवूडचा नको, त्यात गोंद असतो. सोबत वर्तमानपत्राच्या पट्ट्या आणि अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे फाडून घातले. सालं आदल्या रात्री चाळणीत निथळत ठेवायला लागले. बाल्कनीला वरून एक जुना शॉवरचा पडदा बांधला. चौथ्या दिवशी वास निम्म्यावर आला, आठव्या दिवशी गेला. अळ्यांचं म्हणाल तर वर भुशाचा जाड थर पडल्यावर पंधरा-वीस दिवसांत आपोआप कमी झाल्या.

मग जागेचा प्रश्न आला. बादली भरायला बारा दिवस लागत होते आणि आतलं खत तयार व्हायला साठ ते सत्तर. गणित केलं तर सहा बादल्या हव्यात आणि बाल्कनीत जेमतेम तीन मावत होत्या. गच्ची वापरायची तर सोसायटीची परवानगी हवी. 9 जुलैला समितीच्या नावाने अर्ज दिला, दोन प्रती काढून एकीवर पोच म्हणून सही-तारीख घेतली (ही पोच पुढे उपयोगी पडली, कारण मूळ अर्ज फायलीत सापडेना). 23 जुलैच्या मासिक बैठकीत विषय आला. प्रश्न तिघांनी विचारले, तिन्ही योग्य होते: गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काय, उंदीर आले तर, आणि उद्या सगळ्यांनीच मागितलं तर. 12 ऑगस्टला पत्र मिळालं. वार्षिक सभेपर्यंत तात्पुरती परवानगी, तीन अटींवर. बादल्या थेट स्लॅबवर नाहीत, विटांवर आणि खाली ट्रे. शिजवलेलं अन्न, मासे-मटण अजिबात नाही. लेखी तक्रार आली तर सात दिवसांत हलवायच्या. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, आमची 17 सप्टेंबरला झाली. तिथे मी वही नेली होती. आकडे वाचून दाखवले, दोन मिनिटांत. पुढच्या वार्षिक सभेपर्यंत मुदतवाढ मिळाली.

पुण्यात गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजलसंधारण अशा प्रकल्पांसाठी मिळकतकरातल्या सर्वसाधारण करात सवलत असते. कुणी तरी मला त्यासाठी अर्ज करायला सुचवलं. सहा बादल्यांसाठी मी त्या वाटेला गेले नाही. तुमच्या सोसायटीचा सगळ्यांचा मिळून मोठा प्रकल्प असेल तर जरूर चौकशी करा.

पहिली बादली 30 ऑगस्टला उघडली. राखीपौर्णिमा होती, मुलांना सुट्टी. बारा दिवसांत सुमारे चौदा किलो ओला आत गेला होता, गव्हाच्या मोठ्या चाळणीतून खाली पडलं ते तीन किलो. हातात घेतलं तर भुसभुशीत, काळसर, आणि वास पहिल्या पावसासारखा. धाकट्याने आधी नाक दाबलं होतं, मग हळूच सोडलं आणि म्हणाला, "आई, ह्याला तर गावचा वास येतो." साताऱ्याकडच्या आमच्या गावी आजीच्या परड्यात उकिरडा आहे, त्याला ते आठवलं. खत तयार आहे का ते बघायला आम्ही एका करवंटीत नुसतं खत आणि दुसरीत कुंडीतली माती घेऊन दोन्हींत मेथ्या पेरल्या. चार-पाच दिवसांत दोन्हीकडे सारख्या उगवल्या तर खत तयार. खत कच्चं असेल तर मेथ्या उगवत नाहीत किंवा पिवळ्या पडतात. आमच्या उगवल्या. थोरलीने वहीत त्यांचं चित्र काढलं.

स्वयंपाकाचं सांगायचं तर त्यात नवं काही केलं नाही. बहुतेक सगळं सासूबाईंना येत होतं, आणि मी लग्नानंतर सोपं म्हणून सोडून दिलेलं होतं. दोडका सोलायच्या आधी त्याच्या शिरा तासून घ्यायच्या, तीळ, सुकं खोबरं, लाल मिरची घालून लोखंडी तव्यावर कुरकुरीत परतायच्या, ती चटणी आठ दिवस टिकते. फ्लॉवरचे कोवळे दांडे पिठल्यात. मुळ्याचा आणि बिटाचा पाला पीठ पेरून. कोथिंबिरीच्या काड्या वाटणात, कधीच टाकायच्या नाहीत, वास खरा काड्यांतच असतो. कलिंगडाचा पांढरा भाग किसून थालीपिठात. शिळ्या पोळीचा कुस्करा तर मुलं मागून खातात, आणि गूळ-तूप घालून केलेला पोळीचा लाडू डब्यात गेला की डबा रिकामा येतो. तूप कढवल्यावर खाली राहणारी बेरी साखर घालून खायला दोघांची भांडणं होतात. मी ती इतकी वर्षं भांडं घासताना टाकत होते.

एक चूकही केली. जुलैत मला सगळंच वाचवायचा ध्यास लागला आणि मी दोन दिवसांची आमटी पुन्हा उकळून वाढली. धाकट्याचं पोट बिघडलं, डॉक्टरांची फी आणि औषधं मिळून 650 रुपये आणि शाळेचे दोन दिवस गेले. पावसाळ्यात उरलेलं अन्न फ्रीजमध्ये ठेवूनही दुसऱ्या दिवशी दुपारच्या पुढे आम्ही आता खात नाही. ते वाचवायची जागा शिजवण्याच्या आधी असते.

लिंबाच्या, संत्र्या-मोसंब्याच्या साली खताच्या बादलीत जास्त झाल्या तर आंबटपणा वाढतो, म्हणून त्यांचं बायोएन्झाइम केलं, म्हणजे साली गुळाच्या पाण्यात आंबवून पुसायचं पाणी. प्रमाण एक-तीन-दहा: 100 ग्रॅम गूळ, 300 ग्रॅम साली, एक लिटर पाणी. प्लास्टिकच्या बाटलीत घाला, काचेच्या नाही, कारण आत गॅस धरतो. पहिला महिना रोज झाकण सैल करून गॅस सोडावा लागतो. ते काम धाकट्याचं. रोज शाळेतून आला की बूट काढायच्या आधी फुस्स करून यायचा. तीन महिने थांबायचं. 20 ऑगस्टची पहिली बाटली 20 नोव्हेंबरला गाळली. फरशी पुसायच्या पाण्यात दोन झाकणं, बेसिन आणि ओटा पुसायला थोडं घट्ट. संडास-बाथरूमसाठी फार डाग असले तर पुरत नाही, तिथे मी अजून बाजारचंच वापरते.

कोरडा कचरा मात्र मला जास्त अवघड गेला. आमच्याकडे रोज दोन लिटर दूध, म्हणजे अर्ध्या लिटरच्या चार पिशव्या. 'स्वच्छ' नावाच्या संस्थेच्या ताई आमच्या इमारतीतून कचरा नेतात. एकदा मी त्यांच्यासाठी चहा घेऊन खाली गेले आणि विचारलं की आमच्या कचऱ्यातलं काय तुमच्या उपयोगाचं असतं, काय नसतं. त्यांनी पाटीवर बसूनच शिकवलं. "वहिनी, पिशवीचा कोपरा कापता ना, तो तुकडा सुटा करू नका. तो कुठंच जात नाही, नाल्यात जातो. नुसती चीर द्या. आन् पिशवी धुवून वाळवून द्या, भाव मिळतो." कुरकुरे-बिस्किटांच्या चकचकीत वेष्टनांना त्यांच्याकडे भाव नाही, कारण त्यांत प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. वापरलेले पॅड-डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून वेगळे द्या, हेही त्यांनीच सांगितलं. पुण्यातल्या कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 मध्ये उभी राहिली, त्यातूनच पुढे घरोघरी कचरा घेणारी ही सहकारी संस्था आली. मी बारा वर्षं या शहरात राहते आणि हे मला त्या दिवशी त्यांच्याकडून कळलं. ज्या हातांना माझा कचरा निवडावा लागतो ते हात त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले. त्यानंतर आमच्याकडे ओल्या-कोरड्याची सरमिसळ झालेली नाही.

वेष्टनं कमी करायची म्हणजे मुलांचा खाऊ बदलायचा. इथे भांडणं झाली. थोरली म्हणाली, "सगळ्यांच्या डब्यात चिप्स असतात, माझ्याच नाहीत." मी ऐकून घेतलं आणि पूर्ण बंद केलं नाही. आठवड्यात एक पाकीट, तिने निवडायचं, वेष्टन वहीत मोजायचं. बाकी दिवस भडंग, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, शंकरपाळे. रविवारी दुपारी दोन तास जातात यात. ज्यांच्या घरी दोघंही नोकरी करतात आणि मदतीला कुणी नाही, त्यांना हे दर आठवड्याला जमणार नाही, आणि त्यात काही कमीपणा नाही. किराणा दुकानदार डाळी-तांदूळ-गूळ आमच्या पिशव्या-डब्यांत द्यायला पहिल्या दिवसापासून तयार होते. डब्याचं वजन आधी करून झाकणावर खडूने लिहून नेलं की त्यांचाही वेळ वाचतो. पिशव्या जुन्या सुती साड्यांच्या, सासूबाईंनी शिवलेल्या. लाकडी घाण्याचं तेल मात्र परवडलं नाही. त्याऐवजी 15 लिटरचा डबा आणून तिघी मैत्रिणींत वाटून घेतो, तेवढ्या तेलाच्या पिशव्या कमी झाल्या.

19 सप्टेंबरला गणपती बसले. शाडूची मूर्ती, मखर साड्यांचं. दीड दिवसांनी घरीच बादलीत विसर्जन. मूर्ती पूर्ण विरघळायला दोन दिवस लागले, ते शाडूचं पाणी कुंड्यांना. निर्माल्य खतात घालताना हारांचे दोरे आणि जरीच्या चकत्या काढायला विसरू नका. मी एकदा विसरले, तर महिन्याने चाळताना सगळी चाळण दोऱ्यांनी भरली.

आता विणकाम. खरं तर ते ठरवून सुरू केलेलं नव्हतं. दिवाळीच्या साफसफाईत, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, माळ्यावरून नवऱ्याचा कॉलेजातला निळा स्वेटर निघाला. कोपरांना भोकं, गळा सैल. मी तो पायपुसण्याच्या ढिगात टाकला. सासूबाईंनी उचलून घेतला. तो त्यांनीच विणलेला होता. म्हणाल्या, "लोकर अजून जिवंत आहे. उसवू."

उसवायला दोन दुपारी लागल्या. शिवणी आधी कात्रीच्या टोकाने सोडवायच्या, मग जिथे विणकाम संपवलं तिथून, म्हणजे गळ्याकडून, धागा ओढायचा. थोरली खुर्चीच्या पाठीवर लोकर गुंडाळत होती. निघालेली लोकर कुरळी असते. तिच्या लडी करून चार ठिकाणी सैल बांधल्या, कोमट पाण्यात रिठ्याच्या फेसात बुडवल्या, पिळल्या नाहीत, आणि खाली वाटी लटकवून सावलीत वाळत घातल्या. दोन दिवसांत लोकर सरळ झाली. कोपरांची झिजलेली लोकर सोडून देऊनही 310 ग्रॅम हाती आली. 8 नंबरच्या सुयांची जोडी 70 रुपये.

सासूबाईंनी धाकट्यासाठी टोपी विणायला घेतली: 90 टाके, काठाला दोन सुलट दोन उलट, वर नुसती साधी वीण. थोरलीला 30 टाक्यांचा मफलर दिला, सगळ्या ओळी सुलट. पहिल्या आठ दिवसांत तिच्या 30 टाक्यांचे 37 झाले आणि मफलर पंख्यासारखा रुंद व्हायला लागला. ओळीच्या सुरुवातीला धागा सुईच्या मागून वरून गेला की एक टाका दोन दिसतात, ती दोन्ही विणत होती. सासूबाईंनी तिला सांगितलं की पहिला टाका नुसता उचलून घ्यायचा आणि ओळ संपली की मोजायचं. मग म्हणाल्या, "आता उसव." ती रागावून उठून गेली. तासाभराने परत आली आणि स्वतःच उसवायला बसली. सुट्टीत, 12 नोव्हेंबरच्या लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीसुद्धा, दोघी सुया घेऊन बसलेल्या होत्या. मफलर संक्रांतीला, 15 जानेवारीला, पूर्ण झाला. त्या दिवशी तिने तो तिळगूळ वाटायला जाताना घातला, दुपारच्या उन्हात, आणि काढायला तयार नव्हती.

त्यानंतर घरात एक गोष्ट बदलली. मोज्याला भोक पडलं, पिशवीचा बंद तुटला की मुलं ते आजीकडे घेऊन जातात. मीही रफू करायला शिकले. माझ्या रफूला अजून गाठी येतात.

फेब्रुवारी 2024 उजाडला आणि मी जूनची चूक आठवून कामाला लागले. सोसायटीत झाडणाऱ्या मावशींना सांगून ठेवलं, पानं पेटवू नका, पोत्यात भरा. एका पोत्याचे दहा रुपये त्यांना. शनिवार-रविवारी मुलं आणि मी पोती दाबून भरायचो. मार्चअखेर चौदा पोती झाली. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं सगळ्यांत चांगली, चुरावीच लागत नाहीत. पिंपळाची आणि आंब्याची चिवट असतात, ती उन्हात कडक वाळवून पायांनी तुडवायला लागतात. धाकट्याच्या सगळ्या मित्रांनी येऊन तुडवली. पोती गच्चीच्या जिन्याखाली ठेवायची परवानगी सचिवांनी तोंडीच दिली, पण मी तीही एका ओळीत लिहून घेतली.

गेल्या रविवारी, 2 जून 2024 ला, वर्षाचं शेवटचं वजन केलं. ओला 4.9 किलो, त्यात शिजवलेलं 0.4. ते तेवढं मी अजून ओल्या कचऱ्यात ताईंना देते, कारण गच्चीवर न्यायला मनाई आहे. कोरडा 1.6 किलो. उरलेला 0.6. वर्षभरात चाळून निघालेलं खत 41 किलो. ओला कमी झाल्यामुळे बादली आता बारा नाही, वीस दिवसांत भरते, आणि सहापैकी चारच लागतात. म्हणजे आधी स्वयंपाकघरात हात घातला असता तर दोन बादल्यांचे 120 रुपये आणि गच्चीवरची बरीच ये-जा वाचली असती.

न सुटलेल्या गोष्टीही आहेत. गोळ्यांची रिकामी पाकिटं, ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंचं वेष्टन, वाढदिवसाला वर्गातून येणाऱ्या भेटवस्तूंची चमकी. आठ दिवस गावी गेलो की बादल्या कोण हलवणार हेही ठरलेलं नाही. मे महिन्यात परत आलो तर दोन बादल्या अगदी कोरड्या पडल्या होत्या, पाणी शिंपडून पुन्हा आठवडाभराने काम सुरू झालं.

गच्चीच्या परवानगीची मुदत सप्टेंबरच्या वार्षिक सभेत संपते. अर्ज आत्ताच लिहून ठेवला आहे, या वेळी तीन प्रती. सोबत वहीच्या बावन्न आठवड्यांच्या पानांची झेरॉक्स जोडायची आहे. थोरली म्हणते, आकडे ती वाचून दाखवणार.